वाइकीकीतलं एबीसी स्टोअर: चटई घ्या, पावती जपा

हवाईला निघालेल्या मंडळींचे मेसेज येतात ते सगळे हॉटेल कुठलं घेऊ आणि गाडी भाड्याने लागते का याबद्दल. एबीसी स्टोअरबद्दल कुणी विचारत नाही, आणि वाइकीकीत (होनोलुलू शहराची समुद्रकाठची टूरिस्ट वस्ती) पोचल्यावर दिवसातून तीनतीनदा जाणं होतं ते नेमकं तिथेच, म्हणून त्याचाच रिव्ह्यू लिहितेय. लांबलाय जरा. फक्त खरेदीचं हवं असेल तर वरचे चारपाच पॅरा वाचून सोडून दिलंत तरी चालेल, पण मग अर्धंच दुकान कळेल.

तर एबीसी म्हणजे वाइकीकीच्या नाक्यानाक्यावरचं दुकान. आमच्या हॉटेलच्या खाली एक होतं, रस्ता ओलांडला की दुसरं, आणि लेकाला कुठे भेटायचं विचारलं की तो "एबीसीपाशी" म्हणायचा, ज्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता. सिडनी कोसासा नावाच्या हवाईतल्याच जपानी वंशाच्या फार्मासिस्टनं १९६४ मध्ये इथलं पहिलं उघडलं. हा मायामी बीचला गेला होता, तिथला टूरिस्टांचा धंदा बघितला आणि डोक्यात आलं की आपल्याकडेही हेच येणार, हॉटेलातून बाहेर पडणाऱ्याला लागेल ते सगळं चार पावलांत मिळालं पाहिजे. आता ही साखळी सत्तरच्या वर दुकानांची झालीय, ग्वाम आणि लास वेगासपर्यंत, आणि अजून त्याच कुटुंबाकडे आहे. बरीचशी दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतात.

काय घ्यायचं? पाण्याच्या बाटल्या, गवती चटई, सनस्क्रीन. सनस्क्रीन घरून नेऊ नका, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली हवाईत १ जानेवारी २०२१ पासून विकायलाच बंदी आहे, प्रवाळाला त्रास होतो म्हणून, तर इथल्या फळीवर जे दिसेल ते चालणारं असतं. अंगाला पांढरं फासल्यासारखं दिसतं पण चालतं. चटई तीनचार डॉलरची, गुंडाळून काखेत मारायची, वर फुगवायची उशी मिळते ती घेऊ नका, एका दिवसात हवा जाते. पिशवी घरची न्या, इथे पिशवीचे कमीत कमी १५ सेंट लावतात.

आता खाण्याचं. शाकाहारी असाल तर गरम कपाटात जी भाताची वडी समुद्री शेवाळात गुंडाळून ठेवलेली असते ती स्पॅम मुसुबी, आणि स्पॅम म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस, दिसायला कितीही पनीरच्या तुकड्यासारखं असलं तरी. आई दोनदा त्याच्याकडे हात नेत होती. त्यापेक्षा थंड कपाटातली इनारी घ्या, म्हणजे गोडसर टोफूच्या पिशवीत भरलेला भात, पण त्यातही माशाचा रस्सा असू शकतो, कट्टर असाल तर लेबल वाचा. कापलेला अननस आणि पपई मिळते, महाग आहे पण अननस खरंच चांगला. आणि ली हिंग मुई नावाचं लाल पावडर फासलेलं सुकं आलूबुखार घ्या म्हणजे घ्याच, शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळायचं त्या बोरकुटाची थेट आठवण येते, मी पाकिटंच्या पाकिटं आणली.

कोना कॉफी, म्हणजे हवाईतल्या कोना भागात पिकणारी कॉफी, घेताना डोळे उघडे ठेवा. पाकिटावर मोठ्या अक्षरात कोना, त्याखाली बारीक अक्षरात दहा टक्के. म्हणजे उरलेली नव्वद टक्के कुठलीही. कायद्यानंच दहा टक्क्यांवर हे नाव लावता येत होतं, आता बदल केलाय पण तो ५१ टक्क्यांचा नियम २०२७ च्या जुलैपासून लागू होणार. शंभर टक्के लिहिलेलं पाकीट छोटं आणि दुप्पट-तिप्पट किमतीचं असतं, तेच घ्या किंवा घेऊच नका.

इथपर्यंत सगळं छान. आता रांग.

वाइकीकीचा मुख्य रस्ता कलाकाउआ. एका बाजूला समुद्र आणि १९०१ चं मोआना हॉटेल, १९२७ चं गुलाबी रॉयल हवाईयन, दुसऱ्या बाजूला गुच्ची, शनेल, काचेत एकच पर्स ठेवलेली असली दुकानं. त्या दुकानांत तुम्हीआम्ही जात नाही, आणि ज्यांच्याकडे खोली नाही ते तर नाहीच नाही. मोठ्या हॉटेलच्या लॉबीत खोलीचं कार्ड लागतं किंवा निदान कार्ड असल्यासारखा चेहरा तरी. या अख्ख्या पट्ट्यात शनेलची पिशवी घेतलेली बाई आणि आपलं सगळं घर दोन पिशव्यांत घेऊन फिरणारा माणूस एकामागे एक उभे राहतात अशी जागा मला तरी एबीसीच दिसली. सकाळी सातला गेलात तर ओल्या केसांचे सर्फर, जपानी आजीआजोबा, ड्यूटीवर निघालेल्या हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या बायका, आणि मधे एखादा माणूस बीचवरच्या सार्वजनिक शॉवरखाली अंघोळ करून आलेला, हातात कप नूडल. एका सकाळी असाच एक म्हातारा आमच्या पुढे होता, नाणी मोजून काउंटरवर लावत होता, कॅशियर पोरगी अजिबात घाई करत नव्हती, "ओके अंकल, थँक यू अंकल", आणि त्याच्यामागे माझे बाबा, त्यांनाही "हाय अंकल". मागच्या रांगेतलं कुणी च्यक्क पण केलं नाही. त्यासाठी सर्व्हिसला पाचपैकी पाच.

बरं, बिलाचं बघा. हवाईत किराण्यावरही टॅक्स आहे, ओआहू बेटावर, म्हणजे वाइकीकी आहे त्या बेटावर, तो दुकानदार तुमच्याकडून ४.७१२ टक्क्यांपर्यंत वसूल करतो, पावावरही आणि चॉकलेटवरही, तुमच्याकडूनही आणि त्या म्हाताऱ्याकडूनही. गरिबांना अन्नासाठी सरकारी कार्ड मिळतं, पण त्या कार्डावर साधारण नियमानं गरम तयार अन्न घेता येत नाही. म्हणजे थंड कपाटातलं चालतं आणि गरम कपाटातलं चालत नाही, आणि ज्याच्याकडे चूल नाही मायक्रोवेव्ह नाही त्यानं ते गरम करायचं कुठे हे ज्यानं नियम केला त्याला विचारायला पाहिजे. हा अमेरिकाभरचा नियम आहे, दुकानाचा दोष नाही.

बाटलीवर वेगळे ६ सेंट लागतात, त्यातले ५ डिपॉझिट, १ फी, हे २००५ पासून आहे. रिकामी बाटली केंद्रावर नेऊन दिली की ५ सेंट परत. टूरिस्ट कुठे जाणार केंद्रावर, तो कचऱ्याच्या डब्यात टाकतो, आणि म्हणून वाइकीकीत पहाटे डब्यांमधून बाटल्या काढणारी माणसं दिसतात, मोठमोठ्या पारदर्शक पिशव्या भरून. मुसुबी साडेतीन डॉलरची धरली तर ७० बाटल्या झाल्या. लेकाला हा हिशोब सांगितल्यावर तो रिकाम्या बाटल्या डब्याच्या आत न टाकता बाजूला उभ्या करून ठेवायला लागला, आणि त्या पाच मिनिटांत गायब व्हायच्या.

आता चटई, कारण माझ्या मते एबीसीतली सगळ्यात इंटरेस्टिंग वस्तू तीच आहे. हवाईतले सगळे बीच सार्वजनिक आहेत, हॉटेल कितीही मोठं असू दे, लाटा पोचतात तिथपर्यंतची वाळू कुणाच्या बापाची नाही, हे मला फार आवडलं. तुम्ही साडेतीन डॉलरची चटई टाकून रॉयल हवाईयनच्या समोर पाण्यालगत दिवसभर लोळा, कुणी हटकत नाही. रात्री बीचलगतचं पार्क बंद होतं आणि वाळूवर झोपायची सोय संपते. मग ती चटई घेऊन फुटपाथवर आलात तर २०१४ पासून वाइकीकीत फुटपाथवर बसणं किंवा आडवं होणं हाच गुन्हा आहे, दिवसा आणि रात्रीही, दंड १००० डॉलरपर्यंत आणि ३० दिवसांपर्यंत तुरुंग. होनोलुलूचे त्यावेळचे महापौर कर्क कॉल्डवेल यांनी बेघरपणाविरुद्ध युद्धच पुकारलं होतं आणि धोरणाचं नाव ठेवलं होतं कम्पॅशनेट डिसरप्शन, म्हणजे दयेनं उठवणे असं काहीतरी. टूरिझम धोक्यात येतोय हे कारण उघडपणे दिलेलं होतं. कायदा सगळ्यांनाच लागू आहे म्हणा, आम्ही पण एका संध्याकाळी आइस्क्रीम खात कट्ट्याखाली फुटपाथवरच टेकलो होतो की, पण आम्हाला कोण उठवणार.

आमचे बाबा महापालिकेत अतिक्रमण विभागात होते, रिटायर होईपर्यंत. त्यामुळे डायमंड हेडच्या डोंगरापेक्षा त्यांचं लक्ष या गोष्टीत जास्त. एका सकाळी कुहिओ अ‍ॅव्हेन्यूच्या एका गल्लीत शहराची गाडी आली, पोलीस बाजूला उभे, कामगार हातमोजे घालून एकाचं सामान उचलतायत, ताडपत्री, सायकलचं चाक, एक बीच खुर्ची आणि गुंडाळलेल्या दोन एबीसी चटया. बाबा थांबले. मी म्हटलं चला, ते हलेचनात. "आधी नोटीस लावतात का? पंचनामा? पावती देतात का सामानाची?" मी फोनवर शोधून सांगितलं की २०११ चा कायदा आहे, सामानाला चिठ्ठी लावून २४ तास द्यायचे, मग उचललं तर ३० दिवस सांभाळायचं, आणि मग २०१३ मध्ये दुसरा केला ज्यात फुटपाथवरचं सामान अडथळा ठरवून नोटिशीशिवायही उचलता येतं. बाबांनी मान डोलावली, म्हणजे पटलं म्हणून नाही, ओळखीचं निघालं म्हणून. म्हणाले, "आम्ही हातगाडी उचलायचो तेव्हा माणूस गाडीमागे धावत यायचा. हा बघ, नुसता बसलाय." आई म्हणाली, "अहो, तुम्ही उचलायचात हे जरा हळू बोला." त्यावर पुढचा अर्धा तास दोघांचं बोलणं नव्हतं.

सामान म्हटल्यावर ट्रॉलीचं पण सांगते. एबीसीत फक्त हातातल्या टोपल्या असतात, पण सुपरमार्केटच्या ट्रॉल्या इथे बेघर लोकांच्या चालत्या कपाटासारख्या असायच्या, आणि २०१३ मध्ये वाइकीकीचा आमदार टॉम ब्राउअर स्वतः घण घेऊन फिरायचा आणि त्या ट्रॉल्या फोडायचा. खरंच. देशभर बोंब झाल्यावर थांबला. आमदार. घण.

आमचं हॉटेल कुठलं ते लिहीत नाही, वाईट नव्हतं. पण खोलीचं भाडं, त्यावर पन्नासेक डॉलर रोजचं रिसॉर्ट फी नावाचं प्रकरण (बदल्यात दोन टॉवेल, वायफाय आणि एक हुला क्लास जो आम्ही केला नाही) आणि वर टॅक्स, तो २०२६ पासून सगळे मिळून जवळपास १९ टक्के झालाय. २०२५ च्या मे महिन्यापासून निदान ही फी आधीच एकूण किमतीत दाखवायची सक्ती आहे, आधी तीही नव्हती. सगळं धरून रात्रीचे चारशेच्या वर. म्हणजे मी आठ तास आडवं व्हायला चारशे डॉलर मोजत होते, आणि खाली फुटपाथवर आडवं व्हायचा दंड हजारापर्यंत. हा हिशोब डोक्यात आल्यावर मला झोप जरा उशिरा लागायला लागली, तेवढंच, लागली नाही असं नाही म्हणणार.

ज्या बाई आमची खोली आवरायच्या त्या लिफ्टमध्ये भेटल्या की आईशी हातवाऱ्यांनी गप्पा मारायच्या, फिलिपिन्सच्या होत्या, दोन नोकऱ्या करतात म्हणाल्या. राज्याचं किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १६ डॉलर आहे, म्हणजे पूर्ण वेळ राबून महिन्याला पावणेतीन हजार, टॅक्स कापायच्या आधी. होनोलुलूत एका बेडरूमचं भाडं दोन हजाराच्या आसपास. स्वतंत्र घराची मधली किंमत २०२१ मध्येच दहा लाख डॉलरच्या पुढे गेलीय. हॉटेलच्या युनियनवाल्या बायकांना किमान वेतनापेक्षा बरंच जास्त मिळतं, तरीसुद्धा २०१८ मध्ये मॅरिएट कंपनी चालवते त्या हवाईतल्या पाच हॉटेलांतले सुमारे २७०० कामगार ५१ दिवस संपावर होते आणि त्यांचं घोषवाक्य होतं, एक नोकरी पुरली पाहिजे. तेव्हा हे जे कुणी म्हणतं ना की हवा चांगली म्हणून सगळीकडचे बेघर हवाईला येतात, ते मला अर्धवट वाटतं. येत असतील काही. पण मोजणीत दिसतात ते बहुतेक इथेच वर्षानुवर्षं राहिलेले, आणि त्यात मूळ हवाईयन लोकांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त. जानेवारी २०२४ च्या मोजणीत एकट्या ओआहूवर ४,४९४ माणसं निघाली होती. ज्यांची जमीन त्यांनाच फुटपाथ नाही. त्यांच्यासाठी १९२० च्या कायद्याची राखीव जमीन आहे, वर्षाला १ डॉलर भाड्यानं ९९ वर्षं, ऐकायला काय मस्त ना, पण वेटिंग लिस्टवर हजारो लोक आणि नंबर लागायच्या आत कित्येक जण गेले.

शेजारच्या माउई बेटावर तर आणखी वेगळं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना गाव जळलं, हजारो लोकांची घरं गेली, आणि त्यांना ठेवलं कुठे तर जवळच्या रिसॉर्टांमध्ये. दोन महिन्यांनी टूरिस्ट परत आले, म्हणजे एकाच मजल्यावर एका खोलीत हनिमूनवाले आणि शेजारच्या खोलीत सगळं जळून गेलेलं कुटुंब. कायमची घरं मिळेनात तेव्हा लाहायना स्ट्राँग नावाच्या स्थानिक गटानं नोव्हेंबरमध्ये काआनापालीच्या बीचवर, रिसॉर्टांच्या अगदी पुढ्यात, तंबू ठोकले आणि वाळूत मासेमारीचे गळ रोवले. बीचवर राहायला परवानगी नाही, मासे धरायला आहे. बसा आता. बाबांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी फोन करून ऑफिसच्या जुन्या मित्राला सांगितली.

परत दुकानावर येते, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू कुठे गेला. एबीसी स्वस्त नाही. स्वस्त हवं असेल तर आला मोआनाच्या बाजूला डॉन किहोते आहे, तिथे चोवीस तास सगळं मिळतं, तांदूळ-भाजी-दही सुद्धा, किचन असलेली खोली असेल तर पहिल्याच दिवशी तिथे जा. गाडी असेल तर इवलेईचं कॉस्को. गंमत म्हणजे आयएचएस या संस्थेची बेघरांसाठीची निवारागृहंही त्याच इवलेईत आहेत, कॉस्कोत पेट्रोल भरायला लागलेली भाड्याच्या गाड्यांची रांग आणि निवाऱ्यात जागा मिळेल का बघायला आलेली माणसं एकाच वस्तीत. हीच संस्था ज्यांचं मेनलँडवर, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, कुणी सांभाळायला आहे त्यांना विमानाच्या तिकिटासाठी मदतही करते, त्याला हॉटेलवाल्यांच्या संघटनेनंही पैसे दिलेत. ज्याला घरी जायचंय त्याला तिकीट मिळालं तर चांगलंच आहे, पण ज्याचं घर हेच बेट आहे त्याला कुठलं तिकीट काढून देणार?

रेटिंग ४. एक कापला तो दहा टक्के कोनावाल्या पाकिटांसाठी आणि सहाआठ फोडी अननसाला लावलेल्या भावासाठी.

काही कामाच्या गोष्टी राहिल्या. पावत्या टाकू नका, शंभर डॉलरच्या जमल्या की काउंटरवर दाखवून फुकट भेटवस्तू मिळते, आम्हाला कॉफीचा मग मिळाला, बरा आहे. रात्री दहानंतर छोट्या दुकानांत गरम कपाट रिकामं असतं, मोठ्या दुकानात जा, ड्यूक्स लेन मार्केट हे त्यांचंच आहे. निघायच्या दिवशी सनस्क्रीनची मोठी बाटली केबिन बॅगेत जाणार नाही, सिक्युरिटीवाले १०० मिलीच्या वरची काढून ठेवतात, आणि तुमच्याकडे न उघडलेलं पाणी, नूडल, टूथपेस्ट असं बरंच उरलेलं असतं. ते खोलीत सोडू नका, त्याचा कचरा होतो. इवलेईच्या त्या आयएचएस निवाऱ्याला फोन करून काय घेतात ते विचारा आणि एअरपोर्टच्या वाटेवर उतरवा, फार वाट वाकडी होत नाही. चटया घेतात का ते मी विचारलं नव्हतं, त्या आईनं सत्यनारायणाला बसायला म्हणून आधीच बॅगेत तिरक्या घातल्या होत्या.